ढोलकी, संबळ आणि जुना सॅम्पलर : आवाज यंत्रात भरण्यापूर्वीची तयारी



नववीच्या विज्ञानात ध्वनीचा पाठ असतो. वारंवारता, आयाम, तरंगलांबी, मानवी कानाची २० ते २०,००० हर्ट्झची मर्यादा हे सगळं मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहूनही येतात. पण ‘हे कुठे वापरतात?’ असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. आजच्या लेखात याच पाठाला जोडून करता येईल असा एक उपक्रम पाहू : खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून तो १९८० च्या दशकातल्या जुन्या सॅम्पलर यंत्रात बसवण्यासाठी तयार करणे.

हा विषय मुलांपासून दूरचा नाही. आमच्या नाहूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यात गणपती जवळ आले की बेंजो पार्टीच्या तालमी सुरू होतात. मिरवणुकीच्या गाडीवर बेंजो, कीबोर्ड, ढोलकी आणि ऑक्टापॅड शेजारी-शेजारी असतात. बेंजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. त्याचं मूळ १९१२ साली जपानमधल्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. म्हणजे जपानी वाद्य आपलंसं करून त्यावर आपला ठेका वाजवणं आपल्याकडे नवीन नाही. मुलांचा नेहमीचा प्रश्न मात्र वेगळा असतो : “सर, त्या रबराच्या पॅडमधून ढोलकी कशी वाजते?” पाठाची सुरुवात तिथूनच करावी.

१) सॅम्पलर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे पॅडच्या कुठल्याही वाद्याला सर्रास ‘ऑक्टापॅड’ म्हणतात. ते मूळ रोलँड कंपनीचं नाव. १९८५ च्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये, म्हणजे पॅड-८ मध्ये, स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठपैकी कुठलं पॅड किती जोरात वाजवलं एवढाच निरोप ते मिडीच्या वायरीतून दुसऱ्या यंत्राला पाठवायचं. आवाज त्या दुसऱ्या यंत्रातून यायचा. पुढे १९९८ मध्ये आलेल्या एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज भरलेले होते, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये तो घरचाच झाला. पण ते आवाज कारखान्यातून आलेले. आपल्या गल्लीतल्या ढोलकीचा आवाज त्यात भरता येत नाही.

जे यंत्र बाहेरचा आवाज स्वतःच्या स्मृतीत घेतं आणि पट्टी किंवा पॅड दाबल्यावर तोच परत वाजवतं, तो सॅम्पलर. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात बनलेला फेअरलाइट इतका महाग होता की तो मोजक्याच स्टुडिओंना परवडायचा. त्यानंतर अकाईचा एस ९०० (१९८६), ई-मू कंपनीचा एसपी-१२०० (१९८७), अकाईचेच एस ९५० आणि एस १००० (१९८८) अशी यंत्रं आली आणि सॅम्पलर साध्या वादकाच्या आवाक्यात आला.

मुलांना समजावताना मी एवढंच सांगतो : सिंथेसायझर आवाज ‘तयार’ करतो, सॅम्पलर आवाज ‘लक्षात ठेवतो’. मात्र जुन्या यंत्राची स्मृती फार कमी असते. त्यामुळे काय लक्षात ठेवायचं हे आधी आपल्याला ठरवावं लागतं. आजच्या पाठाचा गाभा हाच.

२) दोन आकडे : दर आणि बिट

मुलांना आलेख कागद द्या आणि त्यावर एक लाट काढायला सांगा. आता ती लाट फक्त ठिपक्यांनी दाखवायची. आडव्या दिशेला किती जवळ-जवळ ठिपके घ्यायचे, हा झाला सॅम्पल दर. उभ्या दिशेला ठिपका ठेवायला किती रेघा उपलब्ध आहेत, हे झाले बिट.

• ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या
• १२ बिट म्हणजे ४,०९६ पायऱ्या
• १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या

एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आवाजातलं अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढतं. म्हणून ढोबळमानाने १२ बिटला ७२ डेसिबल आणि १६ बिटला ९६ डेसिबल. घातांकाचा याहून चांगला उपयोग आठवी-नववीच्या मुलांना क्वचितच दाखवता येईल.

आता जागेचा हिशोब. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटची म्हणजे २ बाइटची, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या.

४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट, तेही फक्त एका सेकंदाला.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावतात. भागाकार केला की उत्तर येतं साधारण ८.४ सेकंद. गाण्याचा मुखडासुद्धा पुरा होत नाही! फोनमध्ये हजारो गाणी घेऊन फिरणाऱ्या मुलांना हे उत्तर पटत नाही, म्हणून गणित त्यांनाच फळ्यावर करायला लावा.

३) आमचं यंत्र आणि त्याचं ‘बजेट’

आमच्या छंदवर्गाला एका पालकांनी त्यांच्या जुन्या वाद्यवृंदातला अकाई एस ९५० वापरायला दिला. १२ बिटचं, एकाच वाहिनीत म्हणजे मोनोत आवाज घेणारं यंत्र. मूळ स्मृती ७५० केबी. तीत साधारण ४ लाख ७५ हजार नोंदी मावतात.

या यंत्राची एक गंमत शिक्षकांनी जरूर वापरावी. ते सॅम्पल दर थेट विचारत नाही. ‘तुम्हाला किती उंच वारंवारतेपर्यंतचा आवाज हवाय?’ असं विचारतं. ३,००० ते १९,२०० हर्ट्झमधला आकडा द्यायचा, आणि यंत्र त्याच्या अडीचपट दर स्वतः ठरवतं. १९,२०० मागितले तर दर ४८,०००, आणि सगळी स्मृती सुमारे १० सेकंदांत संपते. ३,००० वर समाधान मानलं तर दर ७,५००, आणि तीच स्मृती मिनिटभर पुरते.

अडीचपट का? नियम असा आहे की जितकी उंच वारंवारता टिपायची तिच्या किमान दुप्पट दराने नोंदी घ्याव्या लागतात. हा नायक्विस्टचा नियम. पण नको असलेली उंच वारंवारता अडवणारी गाळणी भिंतीसारखी सरळ उभी नसते, उतारासारखी असते. त्या उतारासाठी सोडलेली मोकळी जागा म्हणजे तो वरचा अर्धा.

थोडक्यात, मुलांच्या हातात ४ लाख ७५ हजारांचं बजेट आहे. कुठल्या वाद्यावर किती खर्च करायचा हे त्यांनी ठरवायचं. घरखर्चाची वही पाहिलेल्या मुलांना हे पटकन कळतं.

४) तयारीच्या पायऱ्या

पायरी १ : रेकॉर्डिंग. मूळ रेकॉर्डिंग नेहमी चांगल्या दर्जाचं करावं, ४४,१०० किंवा ४८,००० दराने. यंत्र जुनं आहे म्हणून रेकॉर्डिंगही कसंतरी चालेल, असं नाही. मोबाइल वापरत असाल तर आवाज आपोआप स्वच्छ करणारी सोय बंद करा, नाहीतर ठोक्यामागची घुमक ती गोंगाट समजून पुसते. पंखा बंद, खिडक्या बंद. आमच्याकडे मध्य रेल्वेची लोकल दर काही मिनिटांनी जाते, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधली फट धरावी लागते! प्रत्येक ठोका चार-पाच वेळा घ्या. वादकाला घाई करू नका.

पायरी २ : कापणी. ठोक्याच्या आधीची शांतता काढून टाका. ही फक्त जागेची बचत नाही. समजा सुरुवातीला २० मिलिसेकंदांची शांतता राहिली. मिनिटाला १२० मात्रा आणि मात्रेत ४ ठोके अशा लयीत दोन ठोक्यांत १२५ मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणजे प्रत्येक ठोका त्या अंतराच्या जवळजवळ सहाव्या भागाने उशिरा येणार. हातात लय असलेला मुलगा म्हणेल, “मी बरोबर वाजवतोय, पण पॅड मागे पडतोय.” मात्र कापताना ठोक्याचा पहिला क्षण तोडू नका. ढोलकी आणि डफ यांतला फरक कान त्या पहिल्या क्षणातच ओळखतो. लाट जिथे मधल्या रेषेला छेदते तिथेच कापा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज राहतो.

पायरी ३ : मोनो करणे. फोनने दोन वाहिन्यांत रेकॉर्ड केलं असेल तर दोन्हींची बेरीज करण्याआधी ऐकून पाहा. एकीत लाटेचा माथा आणि दुसरीत त्याच जागी खळगा असेल, तर बेरजेत दोन्ही एकमेकांना खातात आणि आवाज पातळ होतो. अशा वेळी एकच चांगली वाहिनी ठेवा.

पायरी ४ : पातळी. बिट थोडे असल्यामुळे पातळी वाया घालवणं परवडत नाही. आवाज कमाल पातळीच्या निम्म्यावर घेतला की एक बिट गेला, पाव भागावर घेतला की दोन बिट गेले. १२ बिटच्या यंत्रात १० बिटचंच काम झालं, ४,०९६ पायऱ्यांपैकी १,०२४ च वापरल्या. म्हणून सर्वांत उंच टोक कमाल पातळीच्या जरासं खाली येईल इतका आवाज वाढवून घ्या. आणि हे बिट कमी करण्याच्या आधी करा. नंतर आवाज वाढवला तर त्याबरोबर खरखरही वाढते.

पायरी ५ : उंच वारंवारता गाळणे. सिनेमात धावत्या गाडीचं चाक कधी उलटं फिरताना दिसतं. कॅमेरा सेकंदाला ठरावीकच चित्रं घेतो, त्यामुळे वेगवान चाकाची फसवी प्रतिमा मिळते. आवाजातही तसंच होतं. एसपी-१२०० चा दर २६,०४० वर पक्का आहे, म्हणजे १३,०२० हर्ट्झच्या वरचं काही तो खरं टिपू शकत नाही. टाळेच्या नादात १६,००० हर्ट्झचा अंश असला आणि तो आधी गाळला नाही, तर २६,०४० − १६,००० = १०,०४० हर्ट्झचा एक नवाच सूर तयार होतो, जो टाळेत कधी नव्हताच. म्हणून संगणकावर दर उतरवताना आधी गाळणी, मग दर. चांगलं सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, पण मुलांना कारण माहीत हवं.

यावर एक जाणता पालक म्हणेल, “पण तोच खरखरीत आवाज लोकांना आवडतो ना?” बरोबर आहे. अमेरिकेतल्या हिप-हॉप संगीतकारांनी एसपी-१२०० च्या याच दोषांतून एक शैली घडवली. दोष मुद्दाम वापरणं आणि दोष कळलाच नसणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढंच मुलांना सांगावं.

पायरी ६ : बिट कमी करणे, पण एकदाच. आवाज यंत्रात नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, लॅपटॉपमधून वायरीने वाजवून यंत्राला तो रेकॉर्ड करू देणे. इथे १२ बिट करण्याचं काम यंत्रच करतं. आधी संगणकावर बिट उतरवून मग यंत्रात घेतलं तर तेच नुकसान दोनदा होतं. या मार्गात लॅपटॉपच्या चार्जरमुळे बऱ्याचदा गुणगुण येते. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. दुसरा मार्ग फाइल तयार करून डिस्कवर नेण्याचा. तिथे बिट आपणच उतरवायचे, आणि उतरवताना अगदी हलकी सरसर मिसळायची. हिला ‘डिदर’ म्हणतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामुळे विरत जाणाऱ्या नादाचं शेपूट पायऱ्या-पायऱ्यांनी तुटत नाही.

पायरी ७ : वेग वाढवून जागा वाचवणे. जुन्या काळी लोक ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावून सॅम्पल घेत आणि यंत्रात स्वर खाली उतरवून वाजवत. वेळ कमी लागतो म्हणून जागा वाचते. संगणकावर वेग दुप्पट केला तर आवाज एक सप्तक वर जातो, यंत्रात तो १२ अर्धस्वरांनी खाली आणायचा. जागा निम्मी लागते, पण वरच्या वारंवारतेची मर्यादाही निम्मी होते. ढोलकीच्या डाव्या पुडीला हे चालतं. टाळेला अजिबात नाही.

पायरी ८ : लूप. पेटीचा स्वर लांब धरायचा तर एक छोटा तुकडा पुन्हा-पुन्हा वाजवावा लागतो. काळी एक घेऊ, म्हणजे सुमारे २७७.२ हर्ट्झ. दर २२,५०० धरला तर एका आवर्तनात ८१.१७ नोंदी येतात. पण नोंदी पूर्ण संख्येतच असतात. ८१ धरल्या तर स्वर २७७.८ होतो. फरक अर्ध्या हर्ट्झहून थोडा जास्त, पण खऱ्या पेटीबरोबर वाजवला की दर दीड-दोन सेकंदांनी आवाज हेलकावतो. विज्ञानात याला विस्पंद म्हणतात. त्याऐवजी ६ आवर्तनं घेतली तर ४८७ नोंदी जवळजवळ नेमक्या बसतात. लसावि कशासाठी शिकायचा, याचं उत्तर इथे मिळतं. तरी लूप फार आखूड ठेवू नये. पेटीच्या दोन सुरांमधली हलकी थरथर आखूड लुपात मरते आणि स्वर दाराच्या बेलसारखा होतो.

पायरी ९ : नाव आणि डिस्क. एस ९५० मध्ये नावाला फक्त १० अक्षरं मिळतात, तीही रोमन. म्हणून वाद्य, हात आणि क्रमांक असा ठरावीक क्रम आधीच वहीत लिहून ठेवा. फ्लॉपी संगणकाच्या फ्लॉपीसारखी दिसली तरी आतली मांडणी अकाईची स्वतःची असते आणि साधी वेव्ह फाइल हे यंत्र ओळखत नाही. त्यासाठी रूपांतर करणारं सॉफ्टवेअर लागतं. एस ९०० असेल तर त्याला कमी घनतेचीच फ्लॉपी चालते. नंतरच्या काळातला अकाईचा एमपीसी २००० एक्सएल (१९९९) मात्र वेव्ह फाइल थेट वाचतो. फ्लॉपी मिळेनाशा झाल्यामुळे आता बरेच जण ड्राइव्ह काढून तिथे पेनड्राइव्ह लावता येणारं उपकरण बसवतात.

५) बजेट कसं वाटलं?

आम्हाला बसवायचे होते ढोलकी, संबळ, टाळ आणि पेटी. संबळ माहीत नसलेल्या मुलांसाठी : जोडीची दोन चामडी वाद्यं, एक चढ्या आवाजाचं आणि एक घुमणारं. गोंधळी ती कमरेला बांधून काठ्यांनी वाजवतात, आणि काठ्यांपैकी एक टोकाला वळलेली असते.

मुलांनी केलेली वाटणी अशी :

• टाळ, उघडी : १.५ सेकंद, दर ४८,००० = ७२,०००
• टाळ, बंद : ०.३ सेकंद, दर ४८,००० = १४,४००
• ढोलकीची उजवी बाजू : ४ ठोके मिळून १ सेकंद, दर ४०,००० = ४०,०००
• ढोलकीची डावी, खुला ठोका : २ मिळून १.४ सेकंद, दर १५,००० = २१,०००
• ढोलकीची डावी, घिस्सा : ३ मिळून ३ सेकंद, दर १५,००० = ४५,०००
• संबळ, चढा ठोका : ४ मिळून १ सेकंद, दर ४०,००० = ४०,०००
• संबळ, घुमणारं अंग : ३ मिळून ३ सेकंद, दर १५,००० = ४५,०००
• पेटी, काळी एक : २ सेकंद, दर २२,५०० = ४५,०००

एकूण ३,२२,४००. शिल्लक १,५२,६००.

यादी पाहा. सगळ्यांत छोटं वाद्य टाळ, पण दीड सेकंदाच्या एका नादाने सगळ्यांत जास्त जागा खाल्ली, कारण तिचा जीव उंच वारंवारतेत आहे. घुमणाऱ्या अंगाला जागा कमी लागली. आणि एकाच ठोक्याचे तीन-चार प्रकार घेतले, कारण तोच एक ठोका सारखा वाजला तर कानाला लगेच यंत्र कळतं. खरा वादक तोच बोल दोनदा अगदी सारखा कधीच वाजवत नाही.

आता प्रश्न उरला शिल्लक दीड लाखांचा. मुलांना आणखी सुटे ठोके हवे होते. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा पूर्वी गोंधळात संबळ वाजवायचे. रेकॉर्डिंगला तेच आले होते. मुलांनी निवडलेले ठोके त्यांना हेडफोनवर ऐकवले. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ठोके चांगले आहेत रे पोरांनो. पण ही नुसती दाराची कडी वाजली. घरात कोण आहे, ते कळायला नको?”

“म्हणजे काय करू आजोबा?” नातीने विचारलं.

“एका ठोक्यातून दुसऱ्यात जाताना हात जे करतो ना, ते घ्या की. ठोका कुणीही मारेल.”

मग त्यांनी एक छोटा, अखंड तुकडा वाजवला. सहा सेकंद, दर २४,००० धरून १,४४,००० नोंदी. शिल्लक राहिल्या ८,६००. मुलांनी तो सगळा खर्च त्यांच्या तुकड्यावर केला आणि त्याबद्दल वर्गात चांगलाच वाद झाला. एक गट म्हणत होता की सुट्या ठोक्यांनी हवा तो ताल बनवता येतो, अखंड तुकडा एकाच लयीत अडकतो. दुसरा गट म्हणत होता की सुट्या ठोक्यांनी ताल बनेल, पण संबळ बनणार नाही. दोघांचंही खरं आहे. शिक्षकाने इथे निकाल देऊ नये. मात्र निवड आजोबांच्या कानाने झाली, मीटरच्या काट्याने नाही, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. यंत्राची जागा अपुरी होती म्हणूनच ‘या वाद्यात नेमकं काय वाचवायचं?’ हा प्रश्न पुढे आला. अमर्याद जागा असती तर आम्ही सगळंच भरलं असतं आणि आजोबांना विचारलंच नसतं.

६) परवानगी आणि मोबदला

हा भाग कृपया गाळू नका. सॅम्पलर दुसऱ्याचा हात आपल्या यंत्रात घेतो. मुंबईच्या सिनेसंगीताने याची किंमत पाहिली आहे. एकेकाळी एका गाण्याला मोठा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा. त्यात गोव्याहून आलेले व्हायोलिन-ट्रम्पेटवाले होते, तसेच ढोलकी-तबल्याचे उस्तादही होते. १९९० च्या दशकापर्यंत सिंथेसायझर, सॅम्पलर आणि एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करण्याची पद्धत आली आणि अनेकांचं काम आटत गेलं. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे पुस्तक लिहिलं आहे. इंग्रजी वाचणाऱ्या शिक्षकांनी ते मिळवून वाचावं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आला. आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. वादकाच्या संमतीशिवाय त्याचं वादन रेकॉर्ड करून वापरणं हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. म्हणून आम्ही वहीच्या पानावर साधं लिहून घेतो : कोणी वाजवलं, कोणत्या दिवशी, कशासाठी वापरणार, बाहेर कुणाला देणार की नाही. खाली वादकाची सही. शाळेकडून मानधन देता येत असेल तर द्यावं. ते शक्य नसेल तर स्नेहसंमेलनात त्यांचं नाव घेऊन सत्कार तरी करावा. मुलं हे पाहतात आणि लक्षात ठेवतात.

सिनेमाच्या गाण्यातला तुकडा उचलून मिरवणुकीत वाजवावा, असा मोह मुलांना होतो. त्याऐवजी ‘आपल्या गल्लीत कोण वाजवतं?’ असं विचारून पाहा. माणूस सापडतोच.

७) वर्गात कसं घ्याल?

यंत्र नसलं तरी पाठ अडत नाही. संगणक कक्षात ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

पहिली तासिका : आलेख कागदावरची लाट, बिट आणि दराचं गणित, फ्लॉपीचा भागाकार.

दुसरी तासिका : शाळेतली ढोलकी, टाळ किंवा नुसतं बाक रेकॉर्ड करा. तोच आवाज ४४,१००, २२,०५० आणि ११,०२५ अशा तीन दरांत तयार करा, एक प्रत ८ बिटमध्येही काढा. डोळे मिटून ऐकायला लावा आणि ओळखायला सांगा. टाळ लगेच ओळखू येते, बाक बऱ्याचदा नाही. का, ते मुलांनी लिहायचं.

तिसरी तासिका : गटाला ४,७५,००० नोंदींचं बजेट द्या आणि चार वाद्यांत वाटायला सांगा. प्रत्येक आकड्याचं कारण एका वाक्यात हवं. शक्य असेल तर एखाद्या वादकाला बोलवा आणि वाटणी त्यांना दाखवा.

विचारायचे प्रश्न :
१. ढोलकीच्या डाव्या पुडीला कमी दर का चालतो?
२. आवाज निम्म्या पातळीवर घेतला तर १२ पैकी किती बिट उरतात?
३. तुमच्या वाटणीतून काय बाहेर राहिलं? ते कुणाला जाणवेल?

तिसऱ्या प्रश्नाला गुण देऊ नका. उत्तरं वाचा मात्र जरूर.

८) पालकांसाठी दोन शब्द

मुलगा-मुलगी जुना सॅम्पलर घ्यायचा हट्ट करत असेल तर घाई नको. जपानच्या बाजारपेठेसाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, आपल्या घरी २३० व्होल्ट. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तशी पट्टी असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. घेण्यापूर्वी फ्लॉपी खरोखर वाचते का, पडदा दिसतो का आणि प्रत्येक बटण चालतं का, ते समोर चालवून पाहा. नवीन काही हवं असेल तर रोलँडचे सॅम्पल घेणारे पॅड मिळतात. त्यांत जागेची इतकी टंचाई नसते, पण वरच्या बहुतेक पायऱ्या तिथेही लागू पडतात. शांतता कापणं, ठोक्याचा पहिला क्षण सांभाळणं आणि पातळी नीट ठेवणं हे कुठल्याही यंत्रात चुकत नाही. हेडफोनचा आवाज मात्र मर्यादेत ठेवायला लावा. कान दुसरे मिळत नाहीत.

आणि घरात कोणी ढोलकी, पेटी, संबळ, नुसती टाळ जरी वाजवत असेल, तर या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवून पाच मिनिटं रेकॉर्डिंग करायला सांगा. चांगल्या दर्जात, नाव आणि तारीख घालून. सॅम्पलरमध्ये ते कधी जाईल तेव्हा जाईल. रेकॉर्डिंग आधी हवं.